वाटीतली सुरंगी

शनिवारची सकाळची शाळा होती. सगुणा वर्गात आली आणि हजेरी घेण्याआधी तिची नजर सवयीने टेबलाच्या कोपऱ्याकडे गेली. पितळी वाटी जागेवर होती, वाटीत पाणी होते, पण फुले नव्हती. पोरी विसरल्या असतील, असे ती स्वतःला म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ठाऊक होते की फाल्गुनात रेवदंड्याच्या पोरी परवचा विसरतील, पाटी विसरतील, पण सुरंगी विसरायच्या नाहीत. वाड्यावाड्यांतून तिचा वास येत होता. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीच्या वासाशी भांडत तो थेट वर्गात शिरला होता. म्हणजे फुले आली होती, तिच्या टेबलापर्यंत पोचली नव्हती एवढेच. तिने हजेरी घेतली. ठमीचे नाव आले तेव्हा एरवी वर बघणाऱ्या ठमीने आज खाली मान घालून "हजर" म्हटले. तेही सगुणेच्या ध्यानात आले. मत्सरी माणसाच्या ध्यानात सगळे येते, फक्त कामाचे तेवढे निसटते.

वाटीची ही रीत कुणी ठरवून पाडलेली नव्हती. ठमी शाळेत आली तेव्हा एवढीशी होती. आगऱ्याची पोर, बाप खारेपाटात मिठागरावर राबता राबता तापाने गेलेला, आजीकडे रेवदंड्यात वाढत होती. आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिने परकराच्या ओच्यातून एक गजरा काढला, सगुणेपुढे धरला आणि म्हणाली, "बाई, माळा." विधवेला गजरा द्यायचा नसतो हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही कळत होते. मोठ्या मुलींनी एकमेकींना कोपरे मारली. ठमीला काय चुकले ते उमजेना. ती सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आमची आय माळते. बा मेला तरी माळते." तिच्या आईने पाट लावला होता. त्यांच्यात पाट लावतात, दुसरे लग्न होते, पुन्हा फुले माळतात, यात कुणाला काही वाटत नाही. सगुणेच्या घरी मात्र पाट हा शब्द स्वयंपाकघरातला, जेवायला बसायचा तेवढाच. ती पोरीवर रागावली नाही. तिने गजरा घेतला, कपाटातली वाटी काढली, पाणी घातले आणि गजरा त्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी फुले आणली, आणि मग ती शाळेची चालच झाली. मोठ्या बाईंची फुले वाटीत. मोगरा, अबोली, सोनटक्का, ज्या दिवसांत जे असेल ते. पण सुरंगी आणायचा मान ठमीचा. इतक्या वर्षांत तिची सुरंगी चुकली नव्हती.

मधल्या दाराशी हसू फुटले तशी सगुणेने मान वळवली. शकू, शाळेतली नवी बाई, ओट्यावरून चालली होती. गिरगावातली मुलगी, अजून लग्न न झालेली, गोल पातळ नेसणारी, चपला फटफटवत वर्गात जाणारी. दिवाळीनंतर आली आणि होळी व्हायच्या आत सगळी शाळा तिच्या मागे. आयत्या बिळात नागोबा. या पोरींना घराघरांतून हाताला धरून कुणी आणले होते? ठमीच्या आजीपुढे दहा वेळा पदर पसरून, पोरीला भाताच्या लावणीतून सोडा म्हणून कुणी विनवले होते? ते सगळे झाल्यावर ही आली, आणि आता तिच्या केसांत सुरंगीचा गजरा होता, ताजा, पिवळाधमक, मानेवर जरा कलता. सगुणेच्या पोटात खरेच दुखले. लोक म्हणतात ती पोटदुखी अशी खरोखर पोटात होते हे तिला या चार महिन्यांतच कळले होते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर, असे ती मुलींकडून घोकून घेत असे. शेवटी येतो म्हणजे सगळ्यांत धाकटा, कमी त्रासाचा असेल, असे तिला आजवर वाटत आले होते.

शकूने आणखी एक खूळ आणले होते ते म्हणजे शनिवारची वादसभा. मधल्या सुट्टीनंतर वरच्या वर्गातल्या मुली उभ्या राहून बोलायच्या आणि विषय असे की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत. चौदाच्या आत मुलीचे लग्न करावे काय. शाळेतले पाणी सगळ्यांनी एकाच माठातून प्यावे काय. माठाच्या वादानंतर दोन मुलींना घरच्यांनी आठवडाभर शाळेत धाडले नव्हते आणि शकू स्वतः त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली होती. त्या मुली परत आल्या. याचेही सगुणेला वाईट वाटले होते, आणि वाईट वाटले याची लाज वाटली होती. ती वादसभेला कधी गेली नाही. शकूने आधी बोलावून पाहिले, सभेची पद्धत समजावून सांगू लागली, तेव्हा सगुणा म्हणाली होती, मला धाकट्यांचे शिवण असते, तुमचे चालू द्या. पुन्हा तिने कधी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. आजचा विषय ओट्यावरच्या फळ्यावर लिहिलेला होता. विधवेने पुन्हा लग्न करावे काय. काल शकू चाचरत म्हणाली होती, तुम्हाला चालेल ना, नाहीतर बदलते. मला काय करायचंय, असे सगुणा म्हणाली. आपण असे का म्हणालो हे तिला रात्रभर कळले नव्हते, कारण करायचे होते ते सगळे तिलाच होते.

आजच्या आज तिला आवडाबाईंना उत्तर द्यायचे होते. आवडाबाई म्हणजे मुलांच्या शाळेतल्या दिनानाथ मास्तरांची थोरली बहीण, वयाने मोठी, बोलायला सरळ. गेल्या आठवड्यात लोणच्याच्या कैऱ्या चिरता चिरता, विळीवरची नजर न उचलता त्यांनी विषय काढला होता. दिनानाथची बायको जाऊन आता तीन पावसाळे झाले. त्याला मुंबईत शाळा मिळाली आहे. येत्या रविवारी सकाळच्या मोटारीने तो रेवसला जाईल आणि तिथून बोटीने मुंबई. तुमच्या मनात असेल तर सुट्टीत परत येऊन रीतसर लग्न करून तुम्हाला घेऊन जायची त्याची तयारी आहे, गावाने तोंड फिरवले तर मी आहे. नसेल तर हा विषय झालाच नाही असे समजा. सगुणेने कैरीची एक फोड उचलून मिठाशिवाय खाल्ली होती. दिनानाथ मास्तर तिला आवडत. कमी बोलत, ऐकताना मान थोडी तिरकी करत, एकदा पुस्तके परत करायला आले तेव्हा तिच्या अंगणातल्या विहिरीचा रहाट मोडलेला पाहून दुसऱ्या दिवशी सुतार पाठवला होता. पण मग त्यांनीच एकदा म्हटले होते की तुमच्या नव्या बाई हिंमतीच्या आहेत. तेवढे एक वाक्य. आठ दिवस ती ते चघळत होती. हिंमतीची बाई हवी असेल तर मला कशाला विचारायला लावले, वय जुळत नाही म्हणून, का ती नाही म्हणेल म्हणून? दारात उभे राहिलेले सुख ती असे उलटून पालटून, दागिन्यातले हीण शोधावे तसे बघत होती.

मधली सुट्टी झाली. धाकट्या मुली फडक्यांवर धावदोरा घालायला बसल्या. दोन वर्गांच्या मधली भिंत फळ्यांची होती, पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू यायचा. आधी रंगू उठली. रंगू म्हणजे वाडीवाल्यांची, सुपाऱ्या-नारळांत लोळलेली, आवाज खणखणीत. विधवेने पुन्हा लग्न करू नये, असे तिने सुरू केले. धर्म झाला, कुळ झाले, मुलाबाळांचे हाल झाले, सगुणा निमूटपणे एका पोरीचा गुंता सोडवत राहिली. मग रंगू म्हणाली, "आणि उदाहरण लांब कशाला शोधायचं? आपल्या मोठ्या बाईच बघा. त्यांना काय कमी आहे? पगार आहे, मान आहे. आपण सगळ्या त्यांच्याच मुली आहोत. त्यांनी कधी तोंड पाडलेलं आपण पाहिलंय का?" पलीकडे टाळ्या झाल्या. इकडच्या दोन धाकट्या पोरींनीही टाळ्या वाजवल्या, आपल्या बाईंचे नाव आले म्हणून. सगुणेच्या हातातला गुंता होता तसाच राहिला. काय कमी आहे. सगळे गाव हेच म्हणत आले होते, सासरा म्हणाला होता, भाऊ म्हणाला होता, आणि आता शकूच्या वर्गात तिचे सोने करून पोरींपुढे मांडले होते. तिला रंगूचा मनस्वी राग आला. त्याहून राग शकूचा आला, कारण शकू हे ऐकत बसली होती, केसांत फुले घालून.

मग ठमीचा आवाज आला. आधी घसा खाकरला, मग पाठ केल्यासारखी पुस्तकी चार वाक्ये. पुरुषाला जे चालते ते बाईला का चालू नये, वगैरे. सगुणेने सुई खाली ठेवली. चार वाक्ये संपली आणि ठमी अडली. पलीकडे कुणीतरी फिदीफिदी केले. मग ठमी आपल्या बोलीत शिरली. "रंगू बोलते, बाईंना काय कमी हाय. आमी बाईंना रोज फुलं देतो. कुटं देतो? वाटीत. बाई काय वाटी हाय? मानूस मेला तिचा, ती न्हाय मेली. माज्या आयनं पाट लावला. तिचा धनी मेला तवा ती दोन सालं हसली नव्हती. पाट लावला आन हसली. मी बगितलंय. मानूस हसतं ते पाप असतं व्हय?" फळ्यांच्या पलीकडे टाळ्या पडल्या नाहीत. अलीकडे सगुणा भिंतीला टेकली होती. धाकट्या मुली तिच्याकडे बघत होत्या, तर तिने त्यांना उगीचच टाके उसवायला सांगितले.

तिला जे झाले त्याला आनंदच म्हणावे लागेल. पण तो स्वच्छ नव्हता. त्यात पहिली गोष्ट ही की ठमी माझी आहे. शकूने गजरा घ्यावा, गजऱ्याचे काय एवढे, संध्याकाळी मलूल होतो. पोरीने मला जे दिले ते शकूला जन्मात मिळणार नाही. इतकी वर्षे मुकाट फुले ठेवून जाणाऱ्या पोरीने माझे सगळे पाहिले होते आणि आज भर वर्गात, त्या गिरगावकरणीच्या तोंडावर, माझी बाजू घेतली. हे सुख आधी, आणि मग त्याच्या मागून दुसरे, भीतभीत आलेले. मुंबईला एक खोली, दोन माणसांचा चहा, कुणीतरी आपण बोलताना मान तिरकी करून ऐकते आहे. पाप असते होय? नसते. शाळा सुटली की थेट आवडाबाईंकडे जायचे, असे तिने ठरवले. ठरवले आणि हात कुठे ठेवावेत तिला कळेना. नकळत तिचा हात मानेमागे, अंबाड्यापाशी गेला. केस तिने राखले होते, त्यावरूनही सासरी कमी बोलणी बसली नव्हती. तिथे काहीच नव्हते, पण इतक्या वर्षांत तिथे काही नाही याची जाणीव तिला पहिल्यांदाच अशी उघडपणे झाली.

शाळा सुटल्यावर शकू ओट्यावर भेटली. घामेजलेली, खुशीत. सगुणा आज स्वतःहून तिच्याजवळ गेली. जिंकणाऱ्याला मन मोठे करायला काय लागते. ठमी छान बोलली, ती म्हणाली. शकूचे डोळे एकदम चमकले. "ऐकलंत तुम्ही? मला वाटलं नव्हतं ती तोंड उघडेल. गुरुवारी रडली होती हो. मी ही बाजू मांडणार नाही म्हणे. पण आपली पद्धतच ती आहे ना, जिला जे पटत असेल तिने त्याच्या उलट बोलायचं. तरच दुसऱ्याचं मन कळतं." सगुणेने विचारले, उलट म्हणजे? मग शकूने सरळपणे सांगितले. आधी प्रत्येकीने आपल्याला काय वाटते ते येऊन सांगायचे आणि सभेत त्याच्या विरुद्ध उभे राहायचे. रंगूने सांगितले होते की विधवांनी लग्न करावे, मोठ्या बाईंनी तर करावेच. म्हणून तिला करू नयेची बाजू दिली. ठमी म्हणाली होती, अजिबात करू नये. "तुमचं नाव भर सभेत येईल हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. वाईट नाही ना वाटलं?" सगुणा नाही म्हणाली. तिच्या कानांत नुसता उन्हाचा आवाज होता. पहिल्या सभेलाच शकू हे सांगायला आली होती, आणि मी शिवण पुढे केले होते. म्हणजे ठमीचे ते बोलणेही शकूचेच. तिने लावलेले, तिने बोलवून घेतलेले. जिच्यावर अर्धा तास दात खाल्ले ती रंगू आपली निघाली, आणि आपली होती ती ठमी... तिने शकूच्या गजऱ्याकडे पाहिले. रंगूने दिला, शकू मानेला हात लावत म्हणाली, घट्ट बांधता येत नाही तिला, बघा ना, सारखा घसरतोय.

सगुणा छत्री घ्यायला वर्गात परतली तर ठमी टेबलापाशी उभी होती. दप्तरातून तिने केळीच्या पानाची ओली पुडी काढली आणि पुडीतून गजरा. सकाळपासून तो तिच्यापाशीच होता. तिने तो वाटीत ठेवला, नीट गोल करून, आणि मग पहिल्यांदा वर पाहिले. तिचे डोळे सुजले होते.

"बाई, तुमी मास्तरांच्या संगं मुंबयला जानार?"

कुणी सांगितलं, असे सगुणेने विचारले नाही. ठमीची आजी आवडाबाईंकडे तांदूळ निवडायला जाते हे तिला आठवले. तू वर्गात बोललीस ते काय होतं, तिने विचारले.

"ते खोटं. नव्या बाईंनी बोलाय लावलान." ठमी टेबलाची कड नखाने खरवडत होती. "आय हसली ते खरं हाय. पन हसली आन गेली. बोलली, चार दिसांनी तुला न्यायला येते. तो बाप्या न्हाय बोलला, मंग ती पन आली न्हाय. दर शिमग्याला मी धक्क्यावर जाऊन बसत होते, होडी आली की बगायची. आजी बोलली, आता फुरं. मंग तुमच्या शालेत घातलान." ती थांबली, आणि पुढचे तिने एका दमात सांगितले. "तुमी जाऊ नका. मी रोज फुलं आनीन. नव्या बाईंना येक पन देनार न्हाय. मी लगीन पन न्हाय करनार, तुमच्यापाशी र्‍हाईन."

कोण म्हणतो मागितलेले मिळत नाही. चार महिने सगुणेने हेच मागितले होते, पोर सगळीच्या सगळी, वाटेकरी नको, आणि ते असे तिच्या पुढ्यात आले होते, तिच्याच तोंडचे शब्द घेऊन. त्या क्षणी तिला इतके बरे वाटले की ती हो म्हणणार होती. ठमीचे डोके कुशीत घेऊन, कुठे जात नाही गं, असे म्हणणार होती. पोरीचा मत्सर तिने ओळखला. तिच्याच घरातला होता, नाकीडोळी तिच्यासारखा. मास्तरांवर ती जळत होती, जशी सगुणा शकूवर. आणि हो म्हटल्यावर काय होईल तेही तिला दिसले. रोज सकाळी वाटी भरलेली. वर्ष, दोन वर्षे. मग आजी ठमीचे लग्न ठरवील, ती रडेल आणि जाईल, जाताना हसेलही. मग दुसरी कुणी. आणि शेवटपर्यंत लोक म्हणतील, त्यांना काय कमी आहे. समोर गजरा होता, पाण्यात, गोल. बाई काय वाटी हाय? पोर खोटे बोलली म्हणजे बोलणे खोटे होत नाही. ठमीने ते रडत, मनाविरुद्ध, दुसऱ्याच्या सांगण्यावरून म्हटले होते, आणि तरी सगळ्या रेवदंड्यात तेवढी एकच गोष्ट सगुणेच्या बाजूची बोलली गेली होती. आता ती बाजू स्वतः मांडायची तर उलट कोण उभे होते तेही तिला दिसत होते.

"मी जाणार आहे, ठमे," ती म्हणाली. "पण तुला फसवून जाणार नाही. चार दिवसांनी येते असं मी म्हणणार नाही."

ठमी रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. तिने सगुणेकडे नुसते पाहिले, धक्क्यावर रिकाम्या होडीकडे बघत असेल तसे, आणि मग वाटीतला गजरा उचलला. पाणी झटकले. टेबलावर थेंब पडले, एक सगुणेच्या हातावर. ती ओट्यावरून चालत गेली. खिडकीतून सगुणेला सगळे दिसत होते, नसते दिसले तर बरे झाले असते. शकू फाटकाशी पोरींशी बोलत होती. ठमीने तिला काहीतरी म्हटले. शकू हसली, मागे वळली, गुडघ्यांत जरा वाकून तिने मान पुढे केली. ठमीने रंगूचा घसरलेला गजरा काढून टाकला आणि आपला बांधू लागली, ओठ दाबून, मन लावून, दोन्ही हातांनी.

पोटात तेच दुखले, सकाळी दुखले होते तसेच. उत्तर ठरले म्हणून ते काही थांबले नाही. सगुणेने वाटीतले पाणी अबोलीच्या झाडाला घातले, वाटी पुसून पिशवीत टाकली आणि ती मागच्या दाराने निघाली. आवडाबाई ओसरीवर सुपाऱ्या उन्हात पसरत होत्या. हो म्हणून सांगा त्यांना, सगुणा म्हणाली, तिचा आवाज तिच्या कानांना रुक्ष वाटला. आवडाबाईंनी हात पदराला पुसले, आत गेल्या, साखर घेऊन आल्या, चिमूटभर तिच्या तोंडात घातली, आणि तिला जवळ घेऊन रडल्या. दिनानाथ मास्तर आतल्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी मान थोडी तिरकी केली. सगुणेला त्यांच्याकडे बघून हसू आले, खरेखुरे हसू. तोंडात साखर विरघळत होती. आणि तरी ती विचार करत होती की पोरीने गाठ कशी मारली असेल. वाटीत फुले घेण्यात आपली इतकी वर्षे गेली, आणि ठमीच्या बोटांचा केसांना स्पर्श कसा वाटतो, हे आता शकूला माहीत होते.